घरबसल्या कामासाठी आधी पैसे मागतायत? थांबा, भरण्याआधी हे वाचा

आरे-वारे (रत्नागिरी) : पावसाळा सुरू झाला की रत्नागिरी-गणपतीपुळे सागरी रस्त्यावरची गाड्यांची रांग आटते. आरे-वारेच्या किनाऱ्यावर पर्यटक तुरळक, होमस्टेच्या खोल्या रिकाम्या, खानावळीत भाताचा टोप लहान होतो. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आंब्याचा हिशेब मिटलेला आणि गणपतीला अजून अवकाश. हातात वेळ असतो, पैसा नसतो आणि मोबाईलला रेंज असते. नेमक्या अशा दिवसांत व्हॉट्सअॅपवर मेसेज येऊन पडतो, 'घरबसल्या काम, महिलांना प्राधान्य, महिना १५ ते ३० हजार, शिक्षणाची अट नाही.'

मेसेज वाचणारा मूर्ख नसतो. त्याला पैशाची गरज असते आणि गाव सोडून जाता येत नाही. घरात म्हातारी माणसं, लहान पोरं, गोठ्यात जनावर. घरून काम मिळत असेल तर वाईट काय, असा विचार कोणीही करेल. म्हणूनच ही फसवणूक बायका, पदवी घेऊन घरी बसलेली मुलं आणि मुंबईची नोकरी सुटून गावी परतलेले चाकरमानी यांना जास्त लागते.

रत्नागिरीत हे घडून गेलंय

हे दूरच्या शहरातलं प्रकरण नाही. रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे एमआयडीसीत 'आरजू टेक्सोल' नावाची कंपनी होती. लोकांना कच्चा माल द्यायचा, त्यांनी घरी बसून तयार माल बनवायचा आणि तो माल कंपनीनेच विकत घ्यायचा, असं तिचं सांगणं. त्यासाठी लोकांनी आधी रक्कम भरायची. ठरलेले पैसे मिळेनासे झाले तेव्हा लोक पोलिसांकडे गेले. २०२४ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. तक्रारींतली रक्कम कोट्यवधींची आहे. दोष कोणाचा आणि किती, ते न्यायालय ठरवेल. पण भरलेले पैसे अडकले ते आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांचे. कोणी दागिने गहाण ठेवले होते, कोणी निवृत्तीची पुंजी घातली होती, असेच लोक अशा प्रकरणांत नेहमी पुढे येतात.

अशा योजनेत कंपनी आपल्या गावाजवळ असते. कार्यालय असतं, बोर्ड असतो, काचेच्या दारामागे बसलेली आपल्याच भागातली पोरं असतात. ऑनलाइन लबाडी ओळखायला लोक थोडंफार शिकलेत, पण जाऊन डोळ्यांनी बघता येणाऱ्या कार्यालयावर विश्वास बसतो. कार्यालयाचं भाडं आणि बोर्डाचा खर्च आपल्याच डिपॉझिटमधून निघतो, हे तेव्हा ध्यानात येत नाही.

'आम्ही देतो, तुम्ही बनवा, आम्हीच परत घेतो' ही चाल जुनी आहे. २०१२ मध्ये तमिळनाडूत इरोडजवळच्या पेरुंदुराईतल्या सुसी इमू फार्म्सचा गाजावाजा झाला. शेतकऱ्याने पैसे भरून इमूची पिल्लं सांभाळायची, कंपनी दरमहा रक्कम देणार आणि पक्षी परत घेणार. कंपनी कोसळली आणि शेतकऱ्यांच्या दारात खायला मागणारे इमू उरले. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या महारयत अॅग्रोचं कडकनाथ प्रकरण तसंच. कोंबड्यांचं युनिट घ्या, अंडी आणि कोंबड्या कंपनी चढ्या भावाने उचलेल. उचल थांबली तेव्हा शेतकऱ्यांकडे काळ्या कोंबड्या होत्या आणि खाद्याचं बिल होतं. पक्षी खरा होता, कोंबडी खरी होती. खोटा होता तो भाव, कारण त्या भावाने घेणारं बाजारात दुसरं कोणीच नव्हतं.

पहिले चार महिने पैसे वेळेवर का मिळतात

'पण त्या शेजारणीला तर पैसे मिळाले ना!' गावात सगळ्यात जास्त फसवणारं वाक्य हेच आहे. मिळतात, खरंच मिळतात. ते कसे, हे एकदा कागदावर मांडून बघावं.

समजा, एका कंपनीने पाकिटं भरायच्या कामासाठी प्रत्येकाकडून ३० हजार घेतले. बदल्यात ८ हजारांचं एक यंत्र दिलं आणि महिन्याला ३ हजार मजुरी कबूल केली. पहिल्या महिन्यात १०० जण आले. जमा झाले ३० लाख. यंत्रांवर गेले ८ लाख, हातात राहिले २२ लाख. सगळ्यांची महिन्याची मजुरी होते ३ लाख. म्हणजे भरलेल्या पाकिटांतलं एकही न विकता ही कंपनी सात महिने सगळ्यांना वेळेवर मजुरी देऊ शकते. पाकिटं गोदामात पडून सडली तरी चालतं.

चौथा महिना संपला की प्रत्येकाच्या खात्यात १२ हजार आलेले असतात. ते बँकेच्या पासबुकात दिसतात, कोणी खोटं म्हणू शकत नाही. शेजारी बघतात, मामेबहीण विचारते, बचत गटाच्या बैठकीत विषय निघतो. १०० चे ३०० होतात. नव्या २०० जणांचे ६० लाख येतात आणि गाडी आणखी पुढे रेटली जाते. ज्या महिन्यात नवी माणसं यायची थांबतात, त्या महिन्यापासून 'सर्व्हर डाऊन आहे', 'ऑडिट चालू आहे', 'बँकेने खातं तपासायला घेतलंय' ही कारणं सुरू होतात. मजुरी सातव्या महिन्यानंतर बंद झाली तर पहिल्या शंभरातल्या प्रत्येकाला २१ हजार मिळालेले असतात. म्हणजे लवकर आलेल्यालासुद्धा ९ हजारांचा खड्डा आणि घरात एक यंत्र, जे अर्ध्या किमतीलाही कोणी घेत नाही. उशिरा आलेल्याचं तर विचारूच नका.

म्हणून वेळेवर मिळालेला पहिला हप्ता हा कंपनी खरी असल्याचा पुरावा धरू नये. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : 'आम्ही बनवलेला माल तुम्ही पुढे कोणाला विकता?' दुकानाचं नाव सांगा, ते पाकीट बाजारात कुठे मिळतं ते दाखवा. रत्नागिरीच्या बाजारात, चिपळुणात, कोल्हापुरात कुठल्या दुकानात तो माल विकायला ठेवलाय? खरा धंदेवाला हे अभिमानाने सांगतो. लबाड 'एक्स्पोर्टला जातो' म्हणून विषय संपवतो.

काजूचं उदाहरण घ्या. कोकणात शेकडो बायका काजू प्रक्रियेच्या कामावर जातात. कारखानदार बी देतो, बाई सोलते, किलोवर मजुरी मिळते. कोणी तिच्याकडून आधी डिपॉझिट घेत नाही, कारण कारखानदाराला सोललेला गर हवा असतो. काम करणाऱ्याच्या खिशातल्या पैशांवरच ज्याची नजर आहे, त्याला तुमच्या कामाची गरज नसते.

मोबाईलवरून येणारं 'काम'

आता दुसरा प्रकार, ज्यात कार्यालयच नसतं. फेसबुकवर पेन्सिल पॅकिंगची जाहिरात बहुतेकांनी पाहिली असेल. नटराजच्या पेन्सिली घरी आणून देऊ, डब्यात भरा, महिना ३० हजार घ्या. त्या पेन्सिली बनवणाऱ्या हिंदुस्थान पेन्सिल्स कंपनीने असं कोणतंही घरकाम आपण देत नाही, असा इशारा दिलेला आहे. साधा विचार केला तरी कळतं. पेन्सिली भरायचं काम कारखान्यात यंत्र करतं. काही रुपयांच्या पेन्सिलींसाठी कोणती कंपनी वारे गावापर्यंत टेम्पो पाठवून मजुरी देईल?

पण जाहिरातीखालच्या नंबरवर फोन केला की गोड आवाजात माहिती मिळते. आधी ओळखपत्रासाठी पाच-सहाशे रुपये. लगेच तुमचा फोटो लावलेलं ओळखपत्र व्हॉट्सअॅपवर येतं, त्यामुळे बरं वाटतं. मग माल निघाला म्हणून गाडीचं भाडं. मग गाडी अडवली म्हणून जीएसटी. मग ड्रायव्हरचा फोन, 'गाडी हातखंब्यापर्यंत आलीय, गेटपासचे पैसे टाका.' गाडी कधीच निघालेली नसते. रक्कम लहान असल्याने तक्रार करायला कोणी जात नाही, आणि त्यांचा धंदा त्याच जोरावर चालतो.

टेलिग्रामवरच्या 'टास्क'मध्ये रक्कम लहान राहत नाही. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला पाच तारे द्या, प्रत्येकी ५० रुपये. पहिल्या दिवशी १५०-२०० रुपये खरोखर जमा होतात. मग तुम्हाला एका ग्रुपमध्ये घेतात, तिथे बाकीचे सगळे 'मला आज ८ हजार मिळाले' म्हणून स्क्रीनशॉट टाकत असतात. ते बाकीचे म्हणजे त्यांचीच माणसं. मग 'प्रीपेड टास्क' येतो. १ हजार भरा, १,३०० मिळतील. मिळतात. पुढे ५ हजार, मग ३० हजार. आता अॅपवर तुमच्या नावावर लाखभर रुपये दिसतात, पण काढायला गेलं की कर भरा, चुकीचं बटण दाबलं म्हणून दंड भरा, खातं गोठलंय ते सोडवायला आणखी भरा. अॅपवर दिसणारे ते पैसे म्हणजे नुसते आकडे असतात. असा आकडा कोणीही टाइप करू शकतो. केंद्रीय गृहमंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये अशा टास्क आणि गुंतवणुकीच्या शंभरावर वेबसाइट बंद केल्या. एक बंद झाली की दुसरी उघडते, त्यामुळे नावं पाठ करून उपयोग नाही, पद्धत ओळखता आली पाहिजे.

लोकांना हे नवीन वाटतं, पण २०११ मध्येच 'स्पीक एशिया' नावाच्या कंपनीने असंच केलं होतं. ११ हजार रुपये भरून सभासद व्हायचं, घरी बसून ऑनलाइन सर्व्हेचे प्रश्न भरायचे आणि आठवड्याला पैसे घ्यायचे. टीव्हीवर जाहिराती येत होत्या. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास केला तेव्हा देशभरातले लाखो लोक त्यात अडकलेले निघाले. तेव्हा संगणक लागायचा, आता मोबाईल पुरतो, इतकाच फरक.

डेटा एंट्रीतला फसवा करार हा त्याहून वाईट प्रकार, कारण त्यात भीती घालतात. यात सुरुवातीला पैसे मागतीलच असं नाही. 'पाच दिवसांत इतके फॉर्म भरा, ९० टक्के अचूक पाहिजेत', असं सांगून ऑनलाइन करारावर सही आणि आधार कार्ड घेतात. वेबसाइट मुद्दाम अडकते, काम पुरं होत नाही किंवा झालं तरी चुका दाखवतात. मग कोणीतरी 'वकील' फोन करतो. करार मोडला, केस दाखल झालीय, पोलीस घरी येतील, मिटवायचं असेल तर अमुक हजार भरा. गावात पोलीस दारात येणार म्हटलं की घरच्यांचे पाय लटपटतात आणि लोक उसनवारी करून पैसे भरतात. हे भरू नका. फॉर्म चुकीचे टाइप केले म्हणून कोणाला अटक होत नाही. कोर्टाचं समन्स क्यूआर कोड घेऊन येत नाही. अशी नोटीस आली तर रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात दाखवावी. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००.

आणि एक काम असं आहे, ज्यात पैसे भरायचे नसतात, उलट मिळतात. 'तुमचं बँक खातं आम्हाला वापरायला द्या, महिना ५ हजार.' किंवा 'तुमच्या खात्यात पैसे येतील, ते पुढे पाठवा, दोन टक्के तुमचे.' हे पैसे दुसऱ्या कोणाच्या तरी फसवणुकीतले असतात. पोलीस माग काढत येतात ते खातेदाराच्या दारात, म्हणजे तुमच्या. खातं गोठतं. त्याच खात्यात पीएम किसानचे, लाडकी बहिणीचे, बचत गटाचे पैसे येत असतील तर तेही अडकतात. पासबुक, एटीएम कार्ड, सिम यातलं काहीही भाड्याने देऊ नये, मित्राला नको आणि पाहुण्यालाही नको.

सांगणारा आपलाच असतो तेव्हा

गावात योजना अनोळखी माणूस आणत नाही. आतेभाऊ आणतो, शाळेतला मित्र आणतो, कधी गटातलीच एखादी ताई. त्यांचेही पैसे अडकलेले असतात किंवा चार माणसं आणली की कमिशन मिळेल असं सांगितलेलं असतं. त्यांना नाही म्हणणं जड जातं. पैसे बुडाल्यावर कंपनीचा मालक सापडत नाही, पण आतेभाऊ रोज समोर दिसतो. मग घराघरात बोलणं बंद होतं, लग्नाला बोलावणं थांबतं. कंपनीवर गुन्हा दाखल झाल्यावरही वाडीतली ही भांडणं मिटत नाहीत.

आणणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की माणसं जोडून साखळीने पैसे फिरवणाऱ्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. परवानगी नसलेल्या ठेव योजनेत जाणूनबुजून दुसऱ्याला ओढणाऱ्यालाही २०१९ च्या केंद्रीय कायद्यात शिक्षा आहे. 'मी फक्त माहिती दिली' हे तिथे नेहमीच चालत नाही. आणि ऐकणाऱ्याने सरळ म्हणावं, 'दादा, तुझ्यावर विश्वास आहे, पण कागद बघितल्याशिवाय भरणार नाही.' यात अपमान कसला?

कागद बघायचे म्हणजे काय बघायचं

'कंपनी रजिस्टर आहे' हे वाक्य ऐकून लोक गप्प बसतात. कंपनी रजिस्टर करायला फार काही लागत नाही. त्याने फक्त कंपनी अस्तित्वात आहे एवढंच कळतं, लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी मिळत नाही. जीएसटी नंबर म्हणजेही परवानगी नव्हे. भिंतीवर लावलेलं उद्यम प्रमाणपत्र तर कोणालाही फुकटात ऑनलाइन निघतं. कंपनीचं नाव कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर टाकलं की ती कधी सुरू झाली आणि संचालक कोण ते दिसतं. सहा महिन्यांपूर्वी जन्मलेली कंपनी 'दहा वर्षांचा अनुभव' सांगत असेल तर तिथेच उठावं. ठेवी घ्यायचा अधिकार कोणाला आहे हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तपासता येतं आणि तक्रारही तिथेच करता येते.

करार मराठीत मागावा, किंवा कोणाकडून तरी वाचून घ्यावा. त्यात माल परत घ्यायचा भाव लिहिलाय का आणि 'गुणवत्ता योग्य वाटल्यास' असं वाक्य आहे का ते पाहा. हे वाक्य असेल तर माल नाकारायचा दरवाजा त्यांनी उघडा ठेवलाय. पैसे कंपनीच्या खात्यातच जातायत का? एखाद्या व्यक्तीच्या फोन नंबरवर यूपीआय करायला सांगितलं तर ते मोठं कारण आहे नाही म्हणायला. यंत्र घ्यायचं असेल तर त्याच यंत्राचा भाव आणखी दोन ठिकाणी विचारावा. यंत्र विकणं गुन्हा नाही, पण ८ हजारांचं यंत्र ३० हजारांना देणारा कमावतो तो त्या विक्रीतूनच, तुमच्या मालातून नव्हे. आणि 'आज शेवटचा दिवस, उद्यापासून भाव वाढणार' म्हटलं की आज नक्कीच भरू नये. रात्र जाऊ द्यावी. घरात सांगावं, नवऱ्यापासून किंवा बायकोपासून लपवून भरलेले पैसे बुडाल्यावर दुप्पट महाग पडतात.

होमस्टेवाल्यांनी लक्ष द्यावं. 'मी लष्करातून बोलतोय, आमच्या दहा जणांसाठी खोल्या पाहिजेत, अॅडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा' असा फोन आला तर फोन ठेवावा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

पैसे गेले असतील तर

ऑनलाइन गेले असतील तर पहिला फोन १९३० ला. नातेवाइकांना, मित्रांना, ज्याने योजना सांगितली त्याला नंतर. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात काही मिनिटांत फिरतात, ते जिथे असतील तिथे थांबवायचं काम या नंबरवरून होतं. पहिले एक-दोन तास हातातून गेले की पैसे सापडायची आशा झपाट्याने कमी होते. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकावी, आणि बँकेलाही लगेच कळवावं. व्यवहाराचा नंबर, तारीख, वेळ, रक्कम, समोरच्याचा फोन आणि यूपीआय आयडी एका कागदावर लिहून मगच फोन केला तर काम पटकन होतं.

चॅट डिलीट करू नका. रागाने ग्रुप सोडू नका. लाज वाटून अनेक जण आधी सगळं पुसतात आणि मग पोलीस ठाण्यात हात हलवत उभे राहतात. स्क्रीनशॉट काढावेत, पावत्या, ओळखपत्र, करार, यंत्राचं बिल जपून ठेवावं.

फसवणारा झारखंडात बसलेला असो की परदेशात, तक्रार आपल्या पोलीस ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात 'हद्द आमची नाही' म्हणून गुन्हा नोंदवायचं टाळता येत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्यावी.

कंपनीत ठेव किंवा डिपॉझिट म्हणून पैसे भरले असतील तर आपल्या राज्यात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा आहे, त्याला एमपीआयडी म्हणतात. त्यात कंपनीची आणि तिच्या माणसांची मालमत्ता जप्त करून, विकून, ठेवीदारांना वाटता येते. याला वर्षं लागतात आणि पूर्ण रक्कम हाती येईलच असं नाही. पण यादीत नावच नसेल तर वाटपाच्या वेळी हातात काहीच पडत नाही. 'बघू, इतर गेलेत ना तक्रारीला' असं म्हणत घरी बसलेल्यांचं नुकसान इथे होतं. प्रत्येकाने आपला जबाब आणि पावत्या तपास अधिकाऱ्याकडे स्वतः द्याव्यात.

या सगळ्यानंतर आणखी एक फोन येतो. 'तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी दहा टक्के फी भरा.' कधी तो सायबर पोलीस म्हणून बोलतो, कधी कोर्टातून. फसलेल्या लोकांच्या नंबरांच्या याद्या या टोळ्या एकमेकांना विकतात. सरकारी यंत्रणा पैसे परत द्यायला फी घेत नाही.

खरंच घरून काही करायचं असेल तर

मार्ग आहेत, फक्त त्यात महिना ३० हजारांचं वचन नाही. रत्नागिरीत बँक ऑफ इंडियाची स्टार स्वरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तिथलं प्रशिक्षण, राहणं आणि जेवण मोफत असतं. कर्जासाठी बँकेकडे जायची दिशाही ते दाखवतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिलेला प्रकल्पाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं. अर्ज ऑनलाइन आणि विनाशुल्क, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. या योजनेसाठी एजंट नेमलेले नाहीत, 'मंजूर करून देतो' म्हणून पैसे मागणारा लबाडच समजावा. उद्यम नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही. आंबापोळी, फणसपोळी, आगळ, सुकी मासळी विकायची तर लहान खाद्य व्यवसायाच्या नोंदणीची फी वर्षाला १०० रुपये आहे.

आरे-वारेच्या रस्त्यावरून सीझनमध्ये हजारो गाड्या गणपतीपुळ्याला जातात. त्यातल्या दहा गाड्या थांबल्या आणि आगळाची बाटली घेऊन गेल्या, तर त्या दिवशी घेणारा समोर उभा असतो, पैसे रोख असतात आणि डिपॉझिट कोणी मागितलेलं नसतं. पहिल्या वर्षी वीस बाटल्याच कराव्यात. त्या संपल्या तर पुढच्या मे महिन्यात पन्नास.